हुकूम कुणाचा, हात कुणाचे?

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त ३ जानेवारीला वसई येथे भरलेल्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण. थोडी काटछाट करून देत आहोत.)

आज सावित्रीबाईंची जयंती. दरवर्षी या दिवशी आपण अक्षरांबद्दल बोलतो. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, अंगावर शेण आणि चिखल झेलत सावित्रीबाई शिकवत राहिल्या, हे आपल्याला पाठ आहे. मी आज ज्याबद्दल बोलणार आहे तीसुद्धा एक बाराखडीच आहे. फक्त ती पाटीवर लिहीत नाहीत, या हिरव्या पट्टीवर लिहितात.

मागे बसलेल्यांना दिसत नसेल म्हणून सांगते. ही पट्टी दोन इंच लांब आणि इंचाहून थोडी कमी रुंद आहे. दोन्ही कडांना वीस-वीस अशी चाळीस भोकं आहेत. मधोमध करंगळीच्या नखाएवढा काळा चौकोन आहे. त्या चौकोनाला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. कपडे धुण्याच्या मशिनमध्ये, लिफ्टमध्ये, रिक्षाच्या मीटरमध्ये, दिवाळीत लावतो त्या लुकलुकणाऱ्या माळांमध्ये असाच एखादा काळा तुकडा असतो. त्याच्या एका पायाला 'चालू' म्हटलं की दिवा लागतो आणि 'बंद' म्हटलं की विझतो. हे नीट शिकायला आम्हा नऊ जणींना सहा रविवार लागले. त्या सहा रविवारांबद्दल मी बोलणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई समाजकार्य शिकलेली, कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस बघणारी, हिला दिवे लावण्याचं खूळ कुठून लागलं? बरोबर आहे. मला स्वतःला घरातला फ्यूज बदलता येत नव्हता. खूळ माझं नव्हतं. आपल्या नालासोपारा पूर्वेच्या गटातल्या एका ताईंचं होतं.

या ताई वसई पूर्वेला, वालीवकडच्या एका गाळ्यात काम करतात. गाळ्याचं नाव सांगत नाही, कारण त्यांना उद्या कामावर जायचं आहे. तिथे दिव्यांचे बोर्ड तयार होतात. एका लांब टेबलाशी बायका ओळीनं बसतात. एक सुटे भाग लावते, दुसरी सोल्डरिंग करते, तिसरी ब्रशनं साफ करते. ताई सोल्डरिंगवर आहेत. गेली अकरा वर्षं. टेबलाच्या पलीकडे काचेची एक छोटी खोली आहे. तिथे एक मुलगा लॅपटॉप घेऊन बसतो. बायकांनी तयार केलेला बोर्ड तो वायरला लावतो, एक बटण दाबतो, आणि मग बोर्ड 'जिवंत' होतो. त्या खोलीत पंखा आहे, खुर्चीला पाठ आहे. पगार वेगळा आहे. ताईंनी एकदा सहज विचारलं, "तू यात काय भरतोस रे?" तो हसला आणि म्हणाला, "प्रोग्रॅम. तुम्हाला काय करायचंय, मावशी?"

ताईंनी ही गोष्ट बैठकीत सांगितली तेव्हा हसतच सांगितली. पण शेवटी म्हणाल्या, "अकरा वर्षं मी त्याला पाय जोडून देतेय. तो पाय कुणाच्या हुकमानं हलतो ते मला माहीत नसावं?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ सुरू झालं. परदेशी पाठवायच्या इलेक्ट्रॉनिक वस्तू तिथे जोडल्या जाऊ लागल्या आणि जोडायला मोठ्या संख्येनं तरुण मुली घेतल्या गेल्या. तेव्हापासून आजपर्यंत या उद्योगातला सांगण्याचा शब्द एकच आहे: बायकांची बोटं नाजूक, चपळ. जणू आपण बोटं जन्मतःच तशी घेऊन येतो! डायन एल्सन आणि रूथ पिअर्सन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९८१ मध्येच या समजाचा समाचार घेतला होता. त्यांचं म्हणणं साधं आहे. ही चपळाई निसर्गानं दिलेली नाही. मुलगी लहानपणापासून घरात शिवणटिपण, निवडणं-टिपणं करते, त्यातून तिचा हात तयार होतो. म्हणजे ते शिक्षणच आहे. पण ते घरात झालं, त्याचा दाखला नाही, म्हणून कारखान्यात ते कौशल्य धरलं जात नाही आणि मजुरी अकुशल कामाची मिळते. आपल्या भाषेत तर पुरावाच आहे. कापडाला घालतो तोही टाका आणि धातूला लावतो तोही टाका. पहिला टाका आईनं शिकवला, दुसऱ्याचा फायदा मालकानं घेतला.

हे फक्त आपल्याकडे घडलं असंही नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात शिपरॉक नावाचं गाव आहे, नवाहो आदिवासींच्या प्रदेशात. तिथे फेअरचाइल्ड कंपनीनं १९६५ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचं काम सुरू केलं. कामगार बहुतेक नवाहो बायका. १९६९ मध्ये कंपनीनं काढलेल्या पुस्तिकेत नवाहो गालिच्याची नक्षी आणि चिपची नक्षी यांचं साम्य कौतुकानं दाखवलं होतं. म्हणजे विणणाऱ्या बाईला हे काम रक्तातच आहे, असं म्हणायचं. १९७५ मध्ये कारखाना बंद झाला. कौतुक पुस्तिकेत राहिलं.

आणि हुकूम लिहिण्याचं काम बायकांना जमत नाही म्हणावं, तर तेही खोटं आहे. १९४६ मध्ये अमेरिकेत एनियाक नावाचा अवाढव्य संगणक जगासमोर आला. त्याच्या तारा आणि स्विच जुळवून त्याला गणित करायला लावणाऱ्या सहा तरुणी होत्या: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिक्टरमन. संगणकाचा गाजावाजा झाला, या सहा जणींची नावं पुढे यायला कित्येक वर्षं लागली.

तर ठरलं, आपणही शिकायचं. विरारची एक मुलगी तयार झाली. तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेली, वय बावीस. तिनं हा बोर्ड सुचवला, रास्पबेरी पाय पिको. तो २०२१ मध्ये बाजारात आला. चार डॉलर ही त्याची मूळ किंमत. आपल्याकडे काही शे रुपयांत मिळतो. आम्ही पाच बोर्ड घेतले, वर्गणी काढून.

तिनं आणखी एक सांगितलं, ते ऐकून सगळ्या सरसावून बसल्या. या काळ्या तुकड्यात हुकूम पाळणारी दोन डोकी आहेत. त्यांना कोअर म्हणतात. ही डोकी एआरएम जातीची आहेत. एआरएमची मूळ हुकमांची भाषा, म्हणजे कोणता हुकूम दिला की चिपनं काय करायचं याची यादी, इंग्लंडमधल्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन या बाईंनी आखली. त्या भाषेवर चालणारी पहिली चिप १९८५ मध्ये चालू झाली. आज आपल्या बहुतेक मोबाइलमध्ये त्याच घराण्याची चिप असते. एक ताई लगेच म्हणाल्या, "म्हणजे शब्द बाईचे, टाके बायकांचे, आणि मधल्या खोलीत मुलगा!"

पहिल्या रविवारी पहिलाच प्रसंग असा घडला. हा बोर्ड पाय न लावता मिळतो. नुसती भोकं असतात. पितळी पायांची पट्टी आपण आणून सोल्डर करायची. आमची शिक्षिका एकेक पाय जपून लावत होती. ताईंनी दोन मिनिटं बघितलं आणि आयर्न तिच्या हातातून घेतलं. चहा येईपर्यंत त्यांनी तीन बोर्ड पुरे केले. प्रत्येक ठिपका गोल, चकचकीत, एकाला दुसरा चिकटलेला नाही. शिक्षिका म्हणाली, "कॉलेजात मला कुणी असं दाखवलं नव्हतं." मग ती शिकायला बसली आणि ताई शिकवायला. मला वाटतं, आमचा वर्ग खरा तेव्हा सुरू झाला. त्याआधी ताईंना 'आपण अडाणी' वाटत होतं.

पुढची गंमत केबलची. बोर्ड लॅपटॉपला जोडला, लॅपटॉपला काहीच दिसेना. बोर्ड बिघडला, आपण जाळला, पैसे गेले, असं सगळ्यांना वाटलं. एकीनं तर हात मागे घेतला आणि म्हणाली, "मी नाही बाई हात लावत." तासाभरानं कळलं की ती केबल फक्त मोबाइल चार्ज करायची होती. तिच्यात माहिती नेणाऱ्या तारा नव्हत्याच. दुसरी केबल लावली, बोर्डावरचं छोटं बटण दाबून धरलं, आणि लॅपटॉपवर पेनड्राइव्ह दिसावा तसा बोर्ड दिसू लागला. ही गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्यातली कितीतरी जण अशा पहिल्या अडथळ्याशी 'मला जमत नाही' म्हणून थांबते. दोष केबलचा असतो, आणि आपण तो आपल्या डोक्यावर घेतो.

तिसरा घोळ आकड्यांचा. हुकमात पायाचा एक नंबर लिहायचा असतो, आणि बोर्डाच्या कडेनं पाय मोजले तर दुसराच नंबर येतो. कडेनं मोजलेला विसावा पाय हुकमात पंधरा नंबरचा असतो. एकोणिसावा पाय हुकमात चौदा. मी दिवा लावला विसाव्या पायाला आणि हुकूम लिहिला वीस नंबरला. दिवा ढिम्म. दिव्याचा लांब पाय कुठे आणि आखूड कुठे, हेही मी उलटं केलं होतं. हा आकड्यांचा घोळ लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येणार आहे.

अखेर दुसऱ्या रविवारी दिवा लागला. काय लिहिलं होतं आम्ही? मायक्रोपायथन नावाची सोपी भाषा आहे, तिच्यात जेमतेम पाच ओळी. पहिली, पंधरा नंबरचा पाय बाहेर वीज देणारा आहे असं सांगायचं. हे सांगावंच लागतं, कारण तोच पाय बाहेरचं ऐकण्यासाठीही वापरता येतो. मग, पुढचं काम पुन्हा पुन्हा कर. मग, पाय उलट कर. मग, अर्धा सेकंद थांब. 'उलट कर' याला टॉगल म्हणतात. चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. पाय चालू झाला की त्यावर ३.३ व्होल्ट येतात, बंद झाला की शून्य. एवढ्या विजेनं झटका बसत नाही, पण दिव्याला मात्र ती जास्त होऊ शकते, म्हणून मधे एक रेझिस्टर लावायचा.

मग एकीनं 'थांब' ही ओळ काढून टाकली. दिवा लुकलुकायचा थांबला आणि अर्ध्या उजेडात स्थिर दिसू लागला. बंद पडला का? नाही. तो सेकंदाला हजारो वेळा उलट होत होता, आपल्या डोळ्याला ते दिसत नव्हतं. हे कळल्यावर आम्ही गप्प झालो. दिसत नाही म्हणजे काम होत नाही, असं थोडंच आहे? घरात बसलेल्या बाईला 'काही करत नाही' म्हणणाऱ्यांना हा दिवा दाखवावासा वाटला.

आता दोन डोक्यांकडे येते. त्यासाठी पाण्याची गोष्ट सांगायला हवी. सूर्या योजनेचं वाढीव पाणी २०२३ मध्ये वसई-विरारला सुरू झालं, तरी आमच्या गटातल्या कित्येक जणींच्या चाळीत पाणी अजून रात्री-अपरात्री येतं. खाली टाकी आहे, ती भरू लागली की मोटर लावायची. पण पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून कुणीतरी जागं राहायचं. कुणीतरी म्हणजे कोण, हे या सभेत सांगायला नको. म्हणून आम्ही ठरवलं, दिवा लावून थांबायचं नाही, टाकीवर भोंगा बसवायचा. टाकीत फ्लोट स्विच, म्हणजे पाणी वर आलं की उचलला जाणारा तरंगता गोळा. बोर्डाचा एक पाय तो ऐकेल, दुसरा पाय भोंगा वाजवेल, तिसऱ्यावर दिवा लुकलुकत राहील, म्हणजे यंत्र जागं आहे हे कळेल.

आम्ही एकाच डोक्याला सगळी यादी दिली. दिवा लाव, पाच सेकंद थांब, दिवा विझव, पाच सेकंद थांब, मग टाकी बघ. काय व्हायचं? 'थांब' म्हटलं की ते डोकं खरोखर थांबायचं. आम्ही गोळा हातानं वर करून सोडला तरी त्याला पत्ता नसायचा. शिक्षिकेनं सांगितलं, एका डोक्यावरही जमवता येतं. कामांचे बारीक तुकडे करायचे आणि एकातून दुसऱ्यात भराभर उड्या मारायच्या. बघणाऱ्याला वाटतं दोन्ही कामं एकाच वेळी चाललीत. प्रत्यक्षात एका क्षणी एकच चाललेलं असतं आणि दुसरं खोळंबलेलं असतं.

मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकून मला माझी आई आठवली. दूध गॅसवर, कानाशी फोन, एका हातानं माझी वेणी. सगळे म्हणायचे, "बाई एकाच वेळी दहा कामं करते, देवानं तिला तशीच घडवलीय." हे कौतुक आपण ऐकत आलो. बायकांच्या मासिकांतही छापून आलं. पण खरं काय? बाईलाही डोकं एकच असतं. ती उड्या मारते. आणि उड्या मारताना जे खोळंबतं ते बहुतेक तिचं स्वतःचं असतं: तिची झोप, तिचं जेवण, तिचं औषध. यंत्र बनवणाऱ्यांना जेव्हा दोन कामं खरोखर एकाच वेळी व्हायला हवी होती, तेव्हा त्यांनी दोन डोकी बसवली. डोक्याचं कौतुक करून त्याच्यावर दुसरं काम टाकलं नाही. घरात मात्र आपण उलटं करतो.

मग आम्ही दोन याद्या केल्या. पहिल्या कोअरला दिवा आणि भोंगा, दुसऱ्याला फक्त टाकीवर नजर. मायक्रोपायथनमध्ये दुसऱ्या कोअरला काम सोपवायला एकच ओळ पुरते. दोघं आपापलं काम करू लागले. गोळा जरा हलला की भोंगा. टाळ्या पडल्या.

पण दोन डोकी आली की नवा प्रश्न येतो, आणि तो आपल्या संघटनेलाही लागू आहे. सगळ्या पायांची चालू-बंदची नोंद आत एकाच ओळीत असते. तिला रजिस्टरच म्हणतात. आपल्या हजेरीच्या रजिस्टरसारखं समजा, प्रत्येक पायाला एक खाना. दोन्ही कोअरना त्यात लिहिण्याचा हक्क आहे. शिक्षिकेनं आम्हाला मुद्दाम चुकीच्या पद्धतीनं लिहायला लावलं. पहिल्यानं पूर्ण ओळ वाचून घ्यायची, आपला खाना बदलायचा, पूर्ण ओळ परत लिहायची. दुसऱ्यानंही तेच. बहुतेक वेळा नीट चालायचं. पण मधेच एखाद्या वेळी एकाचा दिवा दुसरा पुसून टाकायचा. कारण दुसऱ्यानं ओळ वाचली ती पहिल्यानं बदल लिहिण्याच्या आधीची. त्यानं शिळी ओळ परत लिहिली, आणि पहिल्याचं काम गेलं. कुणाचीच नियत वाईट नव्हती.

आमच्या बचत गटाच्या कोषाध्यक्ष म्हणाल्या, "हे तर आपलं मागच्या वर्षीचं!" खरंच होतं. मागच्या वर्षी त्यांनी आणि सचिवांनी वहीची नक्कल आपापल्या घरी नेली, दोघींनी आपापल्या नोंदी केल्या, आणि महिनाअखेर एकीची वही खरी धरली. चार जणींचे हप्ते नोंदीतून गेले. केवढं भांडण झालं होतं! दोघी तीन महिने बोलत नव्हत्या.

चिप बनवणाऱ्यांनी यावर काय केलं? त्यांनी वेगळी दारं ठेवली. एका दारातून लिहिलं की सांगितलेला खाना चालू होतो, दुसऱ्यातून बंद होतो, आणि तिसऱ्यातून उलट होतो. तिसरं दार म्हणजेच टॉगल. या दारातून जाताना जुनी ओळ वाचावी लागत नाही. 'माझा खाना उलट कर' एवढंच सांगायचं, बाकीच्या खान्यांना धक्का लागत नाही. आणि दोन्ही कोअर अगदी एकाच ठोक्याला आले तर? त्याचाही नियम लिहून ठेवलाय. आधी शून्य नंबरच्या कोअरचं धरायचं, त्यावर एक नंबरच्या कोअरचं. दोघांचंही नोंदलं जातं. अमेरिकेतल्या पॅरलॅक्स कंपनीनं २००६ मध्ये प्रॉपेलर नावाची चिप काढली, तिच्यात तर आठ कोअर होते. तिथे तोडगा वेगळा. आठ जणांची आठ वेगळी रजिस्टरं, आणि ती एकावर एक ठेवल्यासारखी वाचायची. एकानंही 'चालू' लिहिलं असेल तर पाय चालू राहतो, बाकीच्यांना तो परस्पर बंद करता येत नाही.

मला यातून कळलं ते असं. एकत्र काम करायला मनं मोठी हवीत हे खरं, पण नुसत्या मोठ्या मनानं भागत नाही. नियम आधी ठरवावे लागतात. आता आमच्या गटात वही एकच आहे, ती केंद्रातच राहते, आणि जिची नोंद तिनेच येऊन करायची असा ठराव आहे. दोघी ताया आता बोलतात. आज दोघी इथे शेजारी बसल्यात.

आता त्या वालीवच्या ताईंकडे परत येते. त्यांच्या गाळ्यात जे बोर्ड लागत नाहीत ते 'रिजेक्ट' होतात. रिजेक्ट झाला की सोल्डरिंग कच्चं असं धरतात आणि पैसे सोल्डरिंगवाल्या बाईच्या मजुरीतून कापतात. आमचा वर्ग संपल्यावर महिनाभरानं एका खेपेत ढीगभर बोर्ड रिजेक्ट झाले. चार बायकांचे पैसे कापले जाणार होते. ताईंनी सुपरवायझरकडे मीटर मागितला. आधी हसले, मग दिला. त्यांनी काय केलं? चिपच्या पायापासून दिव्यापर्यंत टाका तपासला. मीटर वाजला, म्हणजे टाका पक्का. मग बोर्ड चालू करून ज्या पायावर वीज वर-खाली व्हायला हवी तिथे मीटर धरला. शून्य. हलेना. शेजारच्या पायावर धरला. शून्य, ३.३, शून्य, ३.३. तो टॉगल होत होता, पण त्याला दिवाच नव्हता.

आठवतंय, मी काय चूक केली होती? काचेच्या खोलीत तीच झाली होती. त्या खेपेच्या प्रोग्रॅममध्ये पायाचा नंबर चुकला होता. टाके बरोबर होते, हुकूम चुकीच्या पायाला गेला होता. ताईंनी दुसरा बोर्ड तपासला, तिसरा तपासला, सगळीकडे तेच. चौघींचे पैसे कापले गेले नाहीत.

पण मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगून टाळ्या घेणार नाही. काचेच्या खोलीतल्या मुलाचे पैसे कापले का? नाही. आधीच्या अकरा वर्षांत जे कापले गेले ते परत मिळाले का? नाही. उलट दुसऱ्या दिवशी ताईंना सांगण्यात आलं, यापुढे मीटरला हात लावायचा नाही, तो तुमचा विभाग नाही. मजुरी वाढलेली नाही. ताई अजून त्याच टेबलाशी बसतात. फरक एवढाच की त्या टेबलावरच्या बायकांनी आता स्वतःची रिजेक्टची वही सुरू केलीय. तारीख, खेप, किती बोर्ड, काय कारण सांगितलं, किती कापले. एकटीनं मीटर धरला तर तो काढून घेता येतो. दहा जणींची वही काढून घेणं तेवढं सोपं नाही. शिक्षणाशिवाय ती वही निघाली नसती, आणि संघटनेशिवाय ते शिक्षण एका बाईच्या हुशारीवर संपलं असतं.

पाण्याच्या भोंग्याचंही तसंच. भोंगा पाणी आणत नाही. त्यासाठी महापालिकेवर जावंच लागतं आणि आपण जाऊच. पण एक झालं. भोंगा जिन्यात बसवलाय, तो काही फक्त सुनेच्या कानात वाजत नाही. पहिल्या आठवड्यात पुरुषमंडळी वैतागली, बंद करा म्हणाली. बायकांनी जिन्यात पाळीचा कागद लावला, आठवड्याचे सात वार, प्रत्येक घरासमोर एक वार, आणि घरातलं कोण उठणार हे त्या घरानं ठरवायचं. तीन घरांत आता पुरुष उठतात. बाकीच्या घरांत अजून नाही. मोटरची जोडणी मात्र आम्ही केली नाही. तिथे २३० व्होल्ट असतात. ते काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घेतलं. तुम्हीही तसंच करा, त्यात कमीपणा नाही.

शेवटी थोडं कामाचं बोलते. आमच्या केंद्रात पाच बोर्ड आहेत, ते आळीपाळीनं मागणाऱ्या गटाला देऊ. लॅपटॉप एक पुरतो. शिक्षिका तयार आहे, आणि सोल्डरिंग शिकवायला ताई तयार आहेत, फक्त वर्ग रविवारी ठेवा. ज्या गटांत कारखान्यात किंवा घरी बसून बोर्ड जोडणाऱ्या बायका आहेत त्यांनी रिजेक्टच्या वहीपासून सुरुवात केली तरी चालेल, तिला वीज लागत नाही. सगळ्यांनी इंजिनिअर व्हावं असं माझं म्हणणं नाही. पण ज्या वस्तूला आपला हात लागतो ती कुणाच्या हुकमानं चालते, आणि हुकूम चुकला तर पैसे कुणाचे कापले जातात, हे आपल्याला माहीत असायला हवं.

सभा संपल्यावर बोर्ड बाहेरच्या टेबलावर ठेवते. ताई तिथे बसणार आहेत. एकेकीनं या, एक ओळ लिहा, दिवा लावून बघा. आणि बोर्ड लॅपटॉपला दिसला नाही, तर आधी केबल तपासा.